पहिला बँड समोर कधी ऐकलात? आणि नातवाला कुठे नेऊ?

डोंबिवलीकर_अप्पा
मंडळी, नातू चौदा वर्षांचा आहे. दीड वर्षापासून गिटार शिकतोय. परवा जेवताना त्याने विचारलं, "अप्पा, तुम्ही बँड कधी समोर ऐकलाय का? मोबाईलवर नाही, खराखुरा?" मी म्हटलं, ऐकलाय. भर पावसात, उभ्याने ऐकलाय. तो घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. घरात मी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला, सकाळी रेडिओवर भक्तिगीतं लावणारा माणूस. त्याला खरंच वाटेना.

१९८६ ची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, फोर्टात नोकरीला. शेजारच्या टेबलावर वसईचा एक सहकारी होता, त्याने १५ ऑगस्टला धोबी तलावच्या रंगभवनात ओढून नेलं. इंडिपेन्डन्स रॉक या रॉक महोत्सवाचं ते पहिलंच वर्ष. रंगभवन म्हणजे उघडं नाट्यगृह, वर आभाळ, पायऱ्यापायऱ्यांची बैठक, आजूबाजूला झाडं. आमच्या घरी गीतरामायण आणि नाट्यसंगीत. इंग्रजी गाणी कानावर पडायची ती फक्त चाळीतल्या एका घरातून, शनिवारी. तिथे पहिल्यांदा ड्रमचा ठोका कानाऐवजी छातीत ऐकू आला. गाण्याचे शब्द निम्मे कळले नाहीत. शेवटची गाडी व्हीटीवरून पकडली, शर्टातून पाणी निथळत होतं, आणि डोंबिवलीपर्यंत दोघंही एक अक्षर बोललो नाही.

तर प्रश्न दोन. तुम्ही पहिला बँड कुठे ऐकलात, कोणाबरोबर? आणि नातवाचा पहिला कार्यक्रम कोणता असावा? स्टेडियमवरचा मोठा, की लहानसा? पहिला अनुभव माणूस विसरत नाही, म्हणून विचारून करतो आहे.

कॅसेटवाला
अप्पा, क्या बात है! रंगभवन म्हटलं की अंगावर काटा येतो. मी पुण्याचा, पण डेक्कन क्वीनने यायचो आणि रात्री स्टेशनवर बसून पहाटेच्या गाडीने परत. रॉक मशीन हा बँड तिथेच ऐकला. उदय बेनेगल गायला, गिटारवर महेश तिनईकर. 'तिनईकर' हे नाव स्टेजवरून पुकारलं गेलं तेव्हा आम्ही चार मराठी पोरं जी ओरडलो! गिटार हातात घेणारा माणूस आपल्यातला असू शकतो हे त्या दिवशी कळलं. पुढे १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं.

शार्दूल_९८
वाचनखूण साठवली. अप्पा, तुमचा नातू नशीबवान आहे. माझ्या आजोबांना मी हेडफोन घालून बसलो की कान दुखतोय असं वाटायचं.

मीनल_प
माझा पहिला: ७ एप्रिल २००३, ब्रेबॉर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स. मी पंधराची, दहावीची परीक्षा नुकतीच संपलेली. बाबा पन्नाशीत. आईने विचारलं, एवढ्या पैशात मुलीला कानातले आले असते. बाबा म्हणाले, कानातलेच घेतोय. (हे वाक्य आमच्याकडे अजून सगळ्यांना पाठ आहे.)

बाबांनी कॉलेजात त्यांच्या रेकॉर्डी मित्राच्या घरी ऐकलेल्या. स्वतःकडे प्लेअर नव्हता. तीस वर्षं जे बँड फक्त रेकॉर्डच्या कव्हरवर पाहिलं ते समोर आलं, आणि माझे बाबा, जे लग्नाच्या वरातीतही कधी नाचले नाहीत, ते खुर्चीवर उभे राहिले. मला लाज वाटली नाही. मला वाटलं, हा माणूस मला आज पहिल्यांदा भेटतोय.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये चार्ली वॉट्स गेला तेव्हा बाबांचा फोन आला. "आपला ड्रमर गेला," एवढंच बोलले. 'आपला'. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले.

त्या रात्रीच्या तिकिटाचा तुकडा माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेच्या फाइलमध्ये आहे. अप्पा, नातवाला कुठेही न्या, पण तिकीट जपून ठेवायला सांगा.

सुमनताई_कोथरूड
मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, त्यामुळे तुम्हा सगळ्यांच्या आधीची आठवण सांगते.

१९७८, पहिली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझ संगीताचा महोत्सव. तीही रंगभवनातच. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, दादरला दोन खोल्या. हे रोज रात्री रेडिओला कान लावून व्हॉइस ऑफ अमेरिकाचा जॅझ अवर ऐकायचे. विलिस कोनोव्हरचा तो सावकाश, घुमणारा आवाज. मला तेव्हा काही कळत नसे, मी स्वेटर विणत बसायची. यात्रेला हे एकटेच जाणार होते, पण मित्राला ताप आला आणि ते तिकीट माझ्या वाट्याला आलं.

सॉनी रोलिन्स सॅक्सोफोन वाजवत होते. एकच माणूस, आणि तो थांबतच नाही. एक ओळ घेतो, तिला उलटी करतो, मोडतो, पुन्हा उभी करतो, कुठून तरी भलतीकडून समेवर येतो. मी किशोरीताईंचं गाणं ऐकलेली बाई. मला एकदम कळलं, की अरे, हा तर विस्तार करतोय! बढत आहे ही. यांच्या दंडाला धरून मी म्हटलं, "हे आपलंच आहे की." घरी येईपर्यंत आम्ही तेवढंच बोलत होतो. पुढे वाचलं, की हे गृहस्थ त्याच्या दहा वर्षं आधी पवईच्या आश्रमात राहून गेले होते.

हे जाऊन सहा वर्षं झाली. रेडिओ अजून चालतो.

फेडर
सुमनताई, नमस्कार करतो तुम्हाला.

मांडवीकाठ
सुमनताईंचं वाचून डोळे भरले. आमच्या गोव्याची गोष्ट सांगतो, कारण मुंबईच्या या सगळ्या वाजवण्यामागे गोंयकार आहेत. हॉटेलांतले बँड, सिनेमाच्या वाद्यवृंदातली ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन... पाव्हणे ऐकतात आणि विसरतात.

माझ्या आईची गायिका म्हणजे लोर्ना. ख्रिस पेरींच्या ट्रम्पेटबरोबर तिने गायलेली कोंकणी गाणी आमच्या घरात भातासारखी रोजची. मग लोर्ना गप्प झाली. वीस वर्षांहून जास्त काळ ती गायलीच नाही. आई म्हणायची, जिवंत असलेल्या माणसाचं सुतक पाळतोय आपण. आणि १९९५ मध्ये मिरामारला ती पुन्हा स्टेजवर आली. मी एकोणीस वर्षांचा, माझी आवड तेव्हा हेवी मेटल, केस खांद्यापर्यंत. आईला स्कूटरवर मागे बसवून नेलं, म्हटलं सोडतो आणि बाहेर थांबतो. गर्दी एवढी, की बाहेर-आत असं काही राहिलंच नव्हतं. लोर्नाने पहिला सूर लावला आणि सगळा समुद्रकिनारा तिच्याबरोबर गायला लागला. आजोबा, पाव विकणारा, पोलीस, सगळे. मलाही सगळे शब्द येत होते, हे मला तेव्हा कळलं. कधी पाठ झाले माहीत नाही.

तेव्हा अप्पांच्या प्रश्नाला माझं उत्तर: ज्याचे शब्द नातवाला येतात असा कार्यक्रम निवडा.

शार्दूल_९८
@मांडवीकाठ, उलट सांगू? माझा पहिला गिग असा होता जिथे एकही शब्द कळत नव्हता. :) भयानक मौत हा मेटल बँड. नाव वाचून आईने दोन दिवस अबोला धरला. गायक डरकाळीच फोडतो, शब्द कुठून कळणार. पण समोरची गर्दी गोल करून एकमेकांवर आदळत होती, मी पडलो, आणि पडल्याक्षणी तीन अनोळखी हातांनी मला उचलून उभं केलं. पुन्हा आदळायला. बाहेरून मारामारी दिसते. आत इतकी माया मी कुठल्याच गर्दीत पाहिली नाही.

कॅसेटवाला
शार्दूल, तुझ्या आवडीबद्दल आदर आहे, पण स्पष्ट लिहितो. आमच्या वेळी बँड ऐकायला कष्ट होते म्हणून कान तयार झाले. लक्ष्मी रोडजवळ एका दुकानात यादी मिळायची, टंकलिखित. त्यातली गाणी निवडायची, कोरी टीडीकेची साठची किंवा नव्वदची कॅसेट द्यायची, आठ दिवसांनी भरून मिळायची. एका बाजूला तीस किंवा पंचेचाळीस मिनिटं, म्हणजे शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. मी कित्येक गाण्यांचा शेवट पंधरा वर्षांनी ऐकला. मुंबईला आलो की काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तासभर नुसता उभा राहायचो. २०१६ च्या फेब्रुवारीत ते बंद झालं, शेवटच्या आठवड्यात मुद्दाम गेलो होतो.

आता सगळं फुकट आणि सगळं एका बोटावर. म्हणून बँडही तसेच, आले नि गेले. चाळीस वर्षं टिकणारे बँड आता होत नाहीत. आणि कार्यक्रमात निम्मे लोक फोन उंच धरून उभे. ऐकतात कधी?

शार्दूल_९८
काका, असहमत, आणि मनापासून असहमत.

एक, डेमॉनिक रिझरेक्शन २००० सालापासून आहे. पेंटाग्राम १९९४ पासून, आणि २००५ मध्ये इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आले. दिल्लीचा ब्लडीवुड २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकेन मेटल महोत्सवाला गेला, ढोल घेऊन. हे लोक नोकऱ्या करून, स्वतःच्या पैशाने अँप्लिफायर वाहून, पन्नास माणसांसमोर वाजवत राहिले. तुम्हाला माहीत नाहीत कारण तुम्ही त्या पन्नासात नव्हता.

दोन, मराठीत काय होतंय ते बघा. स्वदेसी नावाची मुंबईची रॅप मंडळी आहे. त्यातला एमसी मवाली मराठीत लिहितो. आरेच्या जंगलातले प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन त्यांनी वारल्यांच्या जमिनीवर गाणं केलं. त्यांच्यातला एमसी तोडफोड गुजरातीत गायचा, २०२२ मध्ये गेला, चोवीस वर्षांचा होता. त्याच्या मित्रांनी त्यानंतरही गाणं सोडलं नाही. समोर उभं राहून ऐकलंत तर पोवाडा ऐकल्यासारखं वाटेल. पोवाड्यालाही कोणीतरी म्हटलंच असेल, की हे काय ओरडणं आहे.

तीन, फोनबद्दल मात्र पूर्ण सहमत. मी खिशातून काढत नाही.

कॅसेटवाला
तुझा पहिला मुद्दा मला लागला. 'त्या पन्नासात नव्हता' हे खरं आहे. मी २००५ नंतर लहान जागी गेलोच नाही. स्वदेसीचं गाणं आज रात्री ऐकतो आणि लिहितो.

रात्रपाळी
धागा आवडीने वाचतेय, पण रंगभवनाबद्दल एक दुसरी बाजू लिहायची आहे. राग मानू नका.

मी परिचारिका होते. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयं आहेत, त्यातल्या एकात माझी बारा वर्षं रात्रपाळी झाली. प्रसूती विभाग. कार्यक्रमाच्या रात्री खिडकीच्या काचा थरथरायच्या. मला गाणं आवडायचं, खोटं कशाला बोलू, कधी कधी कळा देणाऱ्या बाईची पाठ चोळताना मी त्याच ठेक्यावर चोळायची. पण शस्त्रक्रिया झालेल्या बाईला झोप लागत नसे आणि नुकतं जन्मलेलं बाळ प्रत्येक ठोक्याला दचकायचं. दोन्ही हात वर फेकून दचकतं लेकरू. ते बघवत नसे.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा. रंगभवनाच्या एका अंगाला झेवियर्स, जवळ रुग्णालयं, जवळच न्यायालय. तिन्ही गोष्टी एका ठिकाणी. तिथे रॉक बसणारच नव्हतं. ते थांबलं तेव्हा तुम्हाला जेवढं वाईट वाटलं तेवढं आमच्या वॉर्डाला बरं वाटलं.

डोंबिवलीकर_अप्पा
रात्रपाळी, राग कसला! तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आम्ही पायऱ्यांवर उभे राहून गळा फाडत होतो तेव्हा भिंतीपलीकडे कोणी दचकत असेल हा विचार चोवीसाव्या वर्षी एकदाही मनात आला नव्हता. आज ते बाळ डोळ्यांसमोर आलं. माझी मुलगी १९८९ ची, तिलाही पहिले दोन महिने भांडं पडलं तरी दचकायची सवय होती.

नियम बरोबरच होता. माझं दुःख एवढंच, की ती जागा गेली तेव्हा तिच्या बदल्यात दुसरी तेवढीच स्वस्त, तेवढीच स्टेशनजवळची जागा कोणी दिली नाही.

शार्दूल_९८
+१०० शेवटच्या वाक्याला. सगळा प्रश्न तिथेच आहे.

फेडर
मी गेली बावीस वर्षं कार्यक्रमांचा साउंड करतो. ठाण्यात राहतो, कामाला सगळीकडे. अप्पांच्या प्रश्नावर कामाची माहिती देतो.

स्टेडियमवर गेलात तर कुठे उभं राहायचं हे आधी ठरवा. बहुतेकांना स्टेजला चिकटायचं असतं. स्टेजपाशी आवाज नीट नसतो, कारण मोठे स्पीकर डोक्यावरून मागे फेकतात आणि समोर तुम्हाला फक्त खालचे बेसचे डबे आणि ड्रमचा कच्चा आवाज मिळतो. मैदानाच्या मध्यावर एक तंबू असतो, तिथे आम्ही बसतो, मिक्सर घेऊन. आम्ही जे ऐकतो त्यावरून सगळं जुळवतो, म्हणून त्या तंबूच्या आसपास आवाज सगळ्यात नेटका. मी स्वतःच्या मुलीला तिथेच उभी करतो.

मागे राहिलात तर एक गंमत दिसेल. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजपासून शंभर मीटरवर ठोका पाव सेकंदाहून उशिरा पोहोचतो, पण पडद्यावरचं चित्र लगेच दिसतं. म्हणून ड्रमरचा हात आधी खाली येतो आणि ठोका नंतर. मधल्या खांबांवर जे जादा स्पीकर असतात त्यांना आम्ही मुद्दाम तेवढाच उशीर देतो, म्हणजे पुढून आलेला आवाज आणि तिथला आवाज एकत्र मिसळतात. नाहीतर मागच्यांना प्रत्येक ओळ दोनदा ऐकू आली असती.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. नातवाच्या कानांना बोळे. कापूस चालत नाही. फोमचे किंवा संगीतकारांचे सिलिकॉनचे मिळतात. ८५ डेसिबलला आठ तास कान सहन करतो, आणि दर तीन डेसिबल वाढले की ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. मोठ्या शोला १०० सहज होतात. माझ्या डाव्या कानात चोवीस तास एक बारीक शिट्टी वाजत असते, ती सुरुवातीच्या वर्षांची कमाई आहे. तुमचा नातू गिटार वाजवणार असेल तर त्याला चाळीस वर्षं कान लागणार आहेत.

मीनल_प
फेडर, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून लिहा ना. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, आजच बोळे मागवले.

सीवूड्स_आई
आम्ही जानेवारी २०२५ ला नेरुळला डी. वाय. पाटीलवर कोल्डप्ले ऐकलं. घरापासून रिक्षाने दहा मिनिटं. तिकिटं काढायला घरातले चार फोन घेऊन बसलो होतो, माझा रांगेतला क्रमांक लाखांत होता, भाच्याला मिळाली. मुलगी सोळाची आणि सासूबाई अडुसष्टच्या! सासूबाईंना एकट्या घरी ठेवायचं नव्हतं म्हणून एक तिकीट त्यांचं काढलं.

मनगटावर पट्टे देतात, गाण्याबरोबर सगळ्यांचे एकदम रंग बदलतात. सगळं स्टेडियम काजव्यांच्या झाडासारखं. सासूबाई भंडारदऱ्याच्या बाजूच्या, त्यांनी लहानपणी काजव्यांनी भरलेली झाडं पाहिलेली. त्या म्हणाल्या, "आमच्या हिरड्याच्या झाडावर असंच व्हायचं बघ, सगळे एकदम पेटायचे, एकदम विझायचे." मुलीने आजीला दोन्ही हातांनी मिठी मारली. पुढच्या जूनमध्ये दोघी मिळून काजवे बघायला गेल्या.

शार्दूल_९८
हे वाचून काही सुचत नाहीये. सुंदर.

लोखंडी_कुमारी
इथे आयर्न मेडनवाले कोणी नाही?? १ फेब्रुवारी २००८, बीकेसी. त्यांच्या जागतिक दौऱ्याचा पहिला शो मुंबईत! गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक, बोइंग ७५७ मध्ये सगळा बँड आणि सामान भरून तो स्वतः विमान चालवत आला. मी तेव्हा बारावीत. त्याच्या आदल्या वर्षी मार्चमध्ये दादा पुण्याहून बसने बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर त्यांना ऐकून आला होता, धुळीने लाल होऊन. मला नेलं नाही म्हणून मी महिनाभर बोलले नव्हते, तर पुढच्या वर्षी ते माझ्या दारात आले.

आता मी एका विमान कंपनीत देखभाल विभागात इंजिनीअर आहे. विमानाच्या पोटात शिरून काम करायचं असतं, तेव्हा कॉलेजात शिक्षक विचारायचे, मुलीला हे कसं सुचलं. मी सांगायचे, बँडमुळे. त्यांना वाटायचं गंमत करतेय.

माटुंगा_रोड
बँड आणि रॉकच्या धाग्यात हे बसतं की नाही माहीत नाही. माझा पहिला 'लाइव्ह' म्हणजे ३ फेब्रुवारी. अल्लारखाँसाहेबांची पुण्यतिथी, षण्मुखानंद, पहाटे. वडील अंधारात उठवायचे, लोकलने किंग्ज सर्कल. बाहेर थंडी, रांगेत शाली पांघरलेले लोक, सभागृहात विनामूल्य प्रवेश. दिवसभर कार्यक्रम. जगभरातले तालवाले यायचे, आफ्रिकेचे ढोल, ड्रमसेट, मृदंग, घटम. मी सात वर्षांचा असताना झाकीरभाईंनी तबल्यावर डमरू आणि शंख काढून दाखवला आणि मी खुर्चीत उभा राहिलो.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीरभाई गेल्याची बातमी आली तेव्हा वडील देवघरात बसले होते. उठलेच नाहीत तासभर.

सॅनहोजेचा_वैद्य
@माटुंगा_रोड, बसतं, नक्की बसतं. २०२३ च्या अमेरिका दौऱ्यात शक्ती हा बँड ऐकायला मी लेकाला घेऊन गेलो होतो. जॉन मॅकलॉफ्लिन गिटारवर, झाकीरभाई, शंकर महादेवन, व्हायोलिनला गणेश राजगोपालन, घटम-कंजिराला सेल्वागणेश. लेक इथेच जन्मला, मराठी समजतो पण बोलायला लाजतो. शंकर महादेवन सरगम घेत होते आणि गिटार त्याला उत्तर देत होती. लेक माझ्या कानात मराठीत म्हणाला, "बाबा, ते भांडतायत की खेळतायत?" खूप दिवसांनी त्याच्या तोंडून अख्खं मराठी वाक्य ऐकलं. मी म्हटलं, दोन्ही. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांना ग्रॅमी मिळालं तेव्हा तो शाळेत सगळ्यांना सांगत सुटला, 'आम्ही ऐकलंय यांना'. डिसेंबरमध्ये झाकीरभाई इथेच, सॅन फ्रान्सिस्कोत गेले.

कॅसेटवाला
स्वदेसी ऐकलं. तीनदा. शार्दूल, मी चुकलो होतो. त्यात जी संबळासारखी लय येते तिथे मला माझ्या आजोळची जत्रा आठवली. त्यांचा पुण्यात कार्यक्रम असेल तर कळव, पन्नासात एक मी.

शार्दूल_९८
काका!! निरोप टाकलाय, बघा. तुमच्याकडून मला ती अर्ध्यात तुटलेल्या गाण्यांची यादी हवी आहे.

दगडी_चाळ_नव्हे
अवांतर: १९९६ ला मायकेल जॅक्सन अंधेरीला आला तेव्हा आम्ही जवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर चाळीस जण चढलो होतो. दिसलं काहीच नाही, फक्त आकाशात उजेड. तरी मी सगळीकडे 'पाहिला' असंच सांगतो, आणि ते खरंच आहे असं मला वाटतं. ज्या घरच्या काकूंनी चाळीस जणांना पोहे दिले त्यांचं नाव मी अजून घेतो.

सुमनताई_कोथरूड
कोणी अप्पांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर देईल का? मुलगा वाट बघत असेल.

माझं मत लहान जागेचं. मोठ्या मैदानात माणूस पडदा बघतो. लहान जागी वाजवणाऱ्याची बोटं दिसतात, तो चुकतो तेही दिसतं, आणि चुकून सावरतो तेही. शिकणाऱ्या मुलाला ते दिसलं पाहिजे.

फेडर
ताईंशी सहमत. पण अप्पा, क्लबमध्ये चौदा वर्षांच्या मुलाला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, दारू असते म्हणून. उघड्यावरचे कार्यक्रम बघा. फेब्रुवारीच्या आसपास काळा घोडा महोत्सव असतो, प्रवेश फुकट, आणि क्रॉस मैदानात बँड वाजवतात. जवळ उभं राहता येतं.

मांडवीकाठ
आणि क्रॉस मैदानापासून रंगभवन चालत दहा मिनिटं.

डोंबिवलीकर_अप्पा
मंडळी, उशिरा लिहितोय. काल जाऊन आलो.

दुपारी सीएसएमटीला उतरलो आणि आधी महापालिका मार्गाने चालत गेलो. कामा रुग्णालय आलं तेव्हा रात्रपाळी यांची आठवण झाली, नातवाला ती दचकणाऱ्या बाळाची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग हेडफोनवर वाजवायचं." पुढे न्यायालय, झेवियर्स, आणि रंगभवनाचं फाटक. बंद होतं. आम्ही दोघं बाहेर उभे राहिलो. त्याने विचारलं, "तुम्ही नेमके कुठे उभे होतात?" मी भिंतीकडे बोट करून डावीकडची मधली पायरी सांगितली. त्याने तेवढ्या बाजूला बघून घेतलं. बराच वेळ बघत होता.

क्रॉस मैदानात चार मुलांचा बँड होता, विशीतली असतील. नातू कानात बोळे घालून थेट गिटारवाल्यासमोर. फेडर, तुमचा तंबू मी दाखवला, पण त्याला बोटं बघायची होती. सुमनताई, दुसऱ्या गाण्यात त्या गिटारवाल्याची तार तुटली. त्याने उरलेल्या पाच तारांवर गाणं पूर्ण केलं, आणि नातू माझ्याकडे वळून ओरडला, "अप्पा, त्याने वरच्या पट्टीतलं सगळं खाली आणलं, बघितलंत?" मला नव्हतं दिसलं. त्याला दिसलं होतं.

येताना गाडीत खिडकीशी जागा मिळाली. डोंबिवलीपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही.

मीनल, कार्यक्रम फुकट, त्यामुळे तिकीट नव्हतं. डोंबिवली–सीएसएमटीचं रेल्वेचं परतीचं तिकीट त्याने गिटारच्या पिशवीत, तारांच्या पाकिटाशेजारी ठेवलंय.